ओ, यू, जी, एच

मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला विचारा, इंग्रजीनं तुला पहिला दगा कुठे दिला? बहुतेकांचं बोट एकाच जागी जाईल. ओ, यू, जी, एच. ही चार अक्षरं ओळीनं आली की पुढे काय ऐकू येईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आधी टी-एच लावलं की 'दो'. त्यात आर घुसवला की 'थ्रू'. नुसता टी ठेवला की 'टफ', सी ठेवला की 'कॉफ', बी ठेवला की 'बाउ'. आणि 'दो'च्याच शेपटाला एक टी जोडला की 'थॉट'. आमच्या सरांकडे यावर एकच औषध होतं, पाठ करा. का, असं विचारलेलं त्यांना आवडत नसे, कारण त्यांनाही ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

वर ते 'घोटी'ची गंमत ऐकवत. 'इनफ'मधल्या जी-एचचा फ, 'विमेन'मधल्या ओचा इ आणि 'नेशन'मधल्या टी-आयचा श घेतला, तर जी-एच-ओ-टी-आय या स्पेलिंगचा उच्चार 'फिश' व्हायला हवा! वर्ग हसायचा. ही कोटी बर्नार्ड शॉची म्हणून सांगितली जाते, अजूनही. पण शॉचा जन्म 1856चा, आणि ही कोटी 1855 सालच्या एका पत्रात सापडते. चार्ल्स ऑलियर या प्रकाशकानं ली हंट या लेखकाला लिहिलेलं ते पत्र आहे आणि त्यात श्रेय आपल्या मुलाला दिलं आहे. शिवाय कोटी म्हणूनही ती लंगडीच. जी-एचचा फ होतो तो शब्दाच्या शेवटाकडे, सुरुवातीला कधीच नाही. इगतपुरीजवळच्या घोटीकरांनी निर्धास्त राहावं. त्यांचं गाव टोलनाक्याच्या पाटीवर इंग्रजीतही घोटीच आहे.

पुढे मुद्रितशोधनाची कामं करू लागले आणि शब्दकोडी सोडवायचं व्यसन लागलं, तेव्हा या चार अक्षरांची दुसरी बाजू दिसली. पाठ करायला लावतात ते शब्द म्हणजे या घराण्यातली कर्ती माणसं. त्यांच्या मागे माजघरात, परसात, माळ्यावर कितीतरी म्हातारे बसलेले आहेत. त्यांना कुणी कामाला लावत नाही, पण कोशातून काढूनही टाकलेलं नाही. मी ते डायरीच्या मागच्या पानांवर उतरवत गेले. चफ, क्लफ, सफ, हॉक, लॉख, डाउटी, मीथॉट, ब्रूम. देवनागरीत लिहिले की ते एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. इंग्रजीत लिहा, प्रत्येकाच्या पोटात तीच चार अक्षरं.

चफपासून सुरुवात करते, कारण तो माझा लाडका. सी-एच लावून पुढे आपली चौकडी. हा पक्षी आहे, कावळ्याच्या कुळातला, काळाभोर, पण चोच आणि पाय लालभडक. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे, तिथल्या समुद्रकड्यांच्या कपारींत याची घरटी. कॉर्नवॉलच्या मानचिन्हावर तो आहे. राजा आर्थर मेला नाही, त्याचा आत्मा चफ होऊन उडाला आणि चोच-पाय लाल झाले ते त्याच्या शेवटच्या लढाईतल्या रक्तानं, अशी तिकडची दंतकथा आहे. 'किंग लिअर'मध्ये डोव्हरच्या कड्यावर उभं असल्याची बतावणी करताना एडगर आंधळ्या बापाला खालच्या हवेत उडणारे कावळे आणि चफच दाखवतो. तिथे कडाही नसतो आणि पक्षीही नसतात, ही गोष्ट वेगळी.

गंमत म्हणजे हे नाव मुळात याचं नव्हतंच. ते जॅकडॉ नावाच्या त्याच्या चुलतभावाचं, आणि तेही त्या पक्ष्याच्या ओरडण्यावरून पडलेलं. आपण काव काव करणाऱ्याला कावळा म्हटलं तसंच. मग कॉर्नवॉलमधल्या लाल चोचीवाल्याला 'कॉर्निश चफ' म्हणू लागले आणि हळूहळू मूळ मालकाच्या हातून नाव गेलं. पक्ष्याचंही पुढे तसंच झालं. 1947 नंतर कॉर्नवॉलमध्ये चफचं एकही पिल्लू वाढलं नाही आणि 1973मध्ये तिथला शेवटचा पक्षी गेला. नुसतं मानचिन्हावरचं चित्र उरलं. पुढे 2001 साली काही चफ कुणीही न आणता आपण होऊन तिथे उतरले आणि 2002मध्ये त्यांनी लिझर्ड या टोकावर घरटं केलं. आता तिथे त्यांची वस्ती आहे. कोशात जुनाट म्हणून पडलेल्या शब्दाचं काय होईल ते सांगता येत नाही, या माझ्या मताला मी हाच दाखला देते. आपल्याकडे लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी लाल चोचीचा चफ पाहिलेला असतो, फक्त फोटोखाली 'पहाडी कावळा' असं लिहून ते मोकळे होतात. त्याचा पिवळ्या चोचीचा भाऊ तर एव्हरेस्टवर 8,200 मीटरपर्यंत गिर्यारोहकांच्या मागे गेल्याची नोंद आहे.

क्लफ म्हणजे डोंगराच्या कुशीतली अरुंद, तीव्र उताराची घळ. उत्तर इंग्लंडमध्ये, लँकेशर-यॉर्कशरच्या पेनाइन डोंगरांत अशा घळी पावलोपावली आहेत. फुटबॉलचे जुने शौकीन ब्रायन क्लफ या प्रशिक्षकाला ओळखतात. त्याच्या आडनावात ती घळ आहे. मँचेस्टरमध्ये 'बॉगर्ट होल क्लफ' नावाची बाग आहे. बॉगर्ट म्हणजे भूत. भुताच्या बिळाची घळ! आपल्याकडे असती तर महापालिकेनं केव्हाच कुणा पुढाऱ्याचं नाव देऊन तिला सुधारलं असतं.

स्लफचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. हे स्पेलिंग एकच, शब्द मात्र दोन. 'स्लफ' म्हटलं की सापानं टाकलेली कात. 'स्लाउ' म्हटलं की दलदल, पाय रुतेल असा चिखल. हीथ्रो विमानतळाजवळ याच नावाचं गाव आहे, लंडनला नोकरीला गेलेल्या आपल्या आयटीवाल्यांना ठाऊक असलेलं. नवखा माणूस तिकीट मागताना 'स्लफ' म्हणतो आणि कातीच्या गावाला निघतो. या गावाच्या वाट्याला कौतुक कमीच आलं. 1937 साली जॉन बेचमन या कवीनं 'बाँबांनो, या आणि या गावावर पडा' असं आवतण देणारी कविता लिहिली. आणि याच गावात अठराव्या शतकाच्या शेवटी विल्यम हर्शलनं चाळीस फुटी दुर्बीण उभारली होती, हे मात्र फार कुणी काढत नाही.

चिखलवाला स्लाउ साहित्यात अमर झाला तो जॉन बन्यनमुळे. त्याच्या 1678च्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'मध्ये यात्रेकरू वाटेत निराशेच्या दलदलीत रुततो. मराठीलाही हा चिखल बराच लवकर लागला. हरी केशवजी यांनी 1841मध्ये या पुस्तकाचं 'यात्रिकक्रमण' केलं, म्हणजे 'यमुनापर्यटन' येण्याच्या सोळा वर्षं आधी. बन्यनचं पुस्तक मला आणखी एका कारणासाठी हवं असतं. त्यातल्या एका पद्यात त्यानं 'डॉटर'चं यमक 'आफ्टर'शी जुळवलं आहे. यमक जुळतं, कारण काही लोक तेव्हा मुलीला 'डाफ्टर' म्हणत होते! शेक्सपिअरचा विदूषकही लिअरला ऐकवलेल्या गाण्यात हीच जोडी लावतो. म्हणजे 'लाफ'मधल्या जी-एचसारखाच 'डॉटर'मधला जी-एचही फ व्हायला निघाला होता, पण अर्ध्या वाटेवरून परतला. आपण जो पाठ केला तो निकाल होता. त्याआधी बरीच वर्षं भांडण चालू होतं, आणि ते गावोगाव वेगळ्या तऱ्हेनं मिटलं.

हे भांडण समजून घ्यायला हजार वर्षं मागे जावं लागतं. जुन्या इंग्रजीत घशात खाकरल्यासारखा एक आवाज होता, ख आणि ह यांच्या मधला. गझल ऐकणाऱ्यांना 'ख़ुदा'मधला नुक्तेवाला ख आठवेल. 'थ्रू'च्या जागी 'थुर्ख़', 'थॉट'च्या जागी 'थोख़्त'. लिहिताना तेव्हा नुसता एच पुरत असे. पुढे यासाठी 'योख' नावाचं एक वळणदार अक्षरही वापरात आलं. नॉर्मन स्वारीनंतर फ्रेंच वळणाचे लेखनिक आले आणि हळूहळू त्या आवाजासाठी जी-एच लिहायची रीत पडली. तोवर ठीक होतं. लिहिलेलं वाचलं जात होतं. 1476 साली विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला आणि शब्दांची रूपं खिळ्यांत अडकू लागली. नेमक्या त्याच सुमाराला, पंधराव्या ते सतराव्या शतकात, हा आवाज इंग्लंडच्या घशातून निघून गेला. कुठे तो नुसताच विरला आणि मागचा स्वर लांबला, जसा 'थ्रू', 'दो', 'बाउ'मध्ये. कुठे तो ओठांवर सरकून फ झाला, जसा 'टफ', 'रफ', 'कॉफ'मध्ये. त्याच शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वरही जागा सोडून फिरत होते. बोलणारे पुढे गेले, खिळे जागच्या जागी राहिले.

आमच्या सरांनी एवढं सांगितलं असतं तरी पाठांतर निम्म्यानं सोपं झालं असतं. हे शब्द लहरी नाहीत. ती चार अक्षरं म्हणजे जुन्या वाड्याच्या भिंतीतला कोनाडा आहे. दिवा ठेवायचं बंद झालं तरी काजळीचा डाग सांगतो, इथे काहीतरी जळत होतं.

'कॉफ' त्या जुन्या घशानं म्हणून बघा, 'कोख़्'. खोकलाच येतो. शब्द खोकल्याच्या आवाजावरूनच झाला आहे. आपल्याकडे मात्र औषधाच्या दुकानात सगळे 'कफ सिरप' मागतात आणि छातीतला कफ काढणारं औषध म्हणून पितात. आयुर्वेदातला कफ संस्कृत आणि इंग्रजांचा खोकला जर्मानिक, दोघांचं काही नातं नाही. पण बाटली एकच आहे, तर भांडायचं कशाला?

तो आवाज सगळीकडून गेला असंही नाही. स्कॉटलंडच्या बोलीत 'नाइट'ला अजून 'निख़्त' म्हणणारे भेटतात. आयर्लंडमध्ये तळ्याला 'लॉख़' म्हणतात. स्पेलिंग तेच, एल मागे आपली चौकडी, आणि शेवटी घसा स्वच्छ खाकरतो. लॉख नेय हे ब्रिटिश बेटांवरचं सर्वांत मोठं तळं याच कुळातलं. इंग्लंडच्या उत्तरेला रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीलगत काही तळी आहेत. त्यांच्या नावापुढेही हाच शब्द लिहितात, पण स्थानिक त्याला 'लफ' म्हणतात. आवाजानं कुठपर्यंत दम धरला आणि कुठे सोडला, ते नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं.

आता सफ. एस मागे चौकडी. इथेही दोन शब्द एका स्पेलिंगमध्ये राहतात. एक वाऱ्याचा, झाडांतून जाताना होणारा सुस्कारा. त्याला कुणी 'सफ' म्हणतं, कुणी 'साउ', आणि स्कॉट लोक 'सूख़'. रॉबर्ट बर्न्सच्या कवितेत नोव्हेंबरचा वारा असाच रागारागानं वाहतो. आपल्या सूं-सूंपासून हा फार लांब नाही, पण वाऱ्याला सगळीकडे तोंड एकच, त्यामुळे यातून नातं काढण्यात अर्थ नाही.

दुसरा सफ डार्बीशरच्या शिशाच्या खाणींतला. हा जमिनीखाली आडवा खणलेला बोगदा असतो आणि त्याचं काम एकच, खाणीतलं पाणी उताराला लावून नदीला सोडायचं. पंप दुबळे होते त्या काळात खाण खोल नेण्याचा हाच खात्रीचा मार्ग होता, आणि एकेक सफ खणायला कित्येक वर्षं जात. क्रॉमफर्ड गावात अशा एका सफचं पाणी बाहेर पडत होतं. जमिनीच्या पोटातून आलेलं, म्हणून थंडीतही न गोठणारं. रिचर्ड आर्कराइटनं 1771मध्ये तिथे पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभी केली ती ओढ्याच्या आणि या सफच्या पाण्यावर. पुढच्या शतकात लँकेशरच्या सुतानं आपल्या बाजारपेठा भरल्या आणि चरख्याचं कंबरडं मोडलं, त्या साऱ्या गोष्टीचं एक टोक या खाणीच्या सांडपाण्यात आहे. मुंबईत गिरण्या आल्या त्याही याच घराण्यातल्या.

पण सफची गोष्ट इथे संपत नाही. जवळच आणखी खोलवरून मिअरब्रुक सफ खणायला 1772मध्ये सुरुवात झाली होती. तो जसजसा आत गेला तसतसं वरच्या सफचं पाणी त्याच्याकडे झिरपू लागलं. गिरणी कोरडी पडायची वेळ आली. आर्कराइटचे वारस कोर्टात गेले. 1839 साली निकाल लागला तो गिरणीच्या विरोधात. हे पाणी निसर्गानं वाहतं केलेलं नाही, खाण कोरडी करण्यासाठी माणसानं सोडलेलं आहे. ते वर्षानुवर्षं वापरलं म्हणून कायमचा हक्क मिळत नाही. ज्या कारणासाठी आलं त्याच कारणासाठी गेलं. पाण्याचे तंटे आपल्याला नवे नाहीत, पण तीन शब्दांत सगळी कैफियत यावी, सफ, गिरणी, सफ, असा तंटा माझ्या वाचनात दुसरा नाही. आता कोशात या शब्दाला 'स्थानिक, खाणकाम' असं बिरुद लावलेलं असतं. त्या बिरुदामागे एवढा मोठा बोगदा आहे.

बाकीच्यांना पटापट भेटून घेऊ. एच लावून चौकडी लिहिली तर उच्चार होतो 'हॉक'. जनावराच्या मागच्या पायाचा सांधा, आणि त्यावरून क्रियापद, त्या सांध्याच्या शिरा तोडून जनावर पांगळं करणं. 1611च्या बायबलमध्ये यहोशवाला शत्रूच्या घोड्यांचं हेच करायला सांगितलं आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आयर्लंडमध्ये जमीनदारांच्या कुरणांतली गुरं रात्री येऊन अशी पांगळी करणाऱ्यांना याच शब्दावरून नाव पडलं. डाउटी म्हणजे शूर, हाडापेराचा दणकट. हल्ली एखाद्या आजीबाईचं गमतीनं कौतुक करायला वापरतात. मीथॉट म्हणजे 'मला वाटलं', कवितेत मेला आणि कवितेतच पुरला. ब्रूम ही एका घोड्याची बंद गाडी, लॉर्ड ब्रूमच्या नावाची. स्पेलिंगमध्ये चौकडी आणि पुढे ए-एम असताना बोलताना मात्र फक्त झाडू. आपल्या मुंबईनं व्हिक्टोरिया ठेवली, ब्रूम विसरली.

आणि रॉट. डब्ल्यू-आर पुढे चौकडी आणि टी. 'वर्क' या क्रियापदाचा हा जुना भूतकाळ, घडवलं, केलं या अर्थाचा. घडीव लोखंडाच्या नावात तो शिल्लक आहे. 24 मे 1844 रोजी सॅम्युअल मोर्सनं वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेचा संदेश पाठवला, त्यात बायबलमधलं वाक्य होतं, 'देवानं काय हे घडवलं!' त्यातलं 'घडवलं' म्हणजे हाच रॉट. जगातलं सर्वांत नवं यंत्र, आणि त्याच्या तोंडी तेव्हाच जुना झालेला शब्द.

पण माझ्या डायरीतलं मला सगळ्यात आवडणारं पान वेगळं आहे. त्यात दुर्मिळ शब्द नाहीत, रोजचेच आहेत. त्यांची चौकडी उलगडली की आत आपलीच माणसं बसलेली दिसतात.

बाउ, म्हणजे झाडाची फांदी. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ फांदी होता तसाच खांदा आणि दंडही होता. संस्कृतात त्याचाच भाऊ आहे, बाहू. ओढूनताणून केलेली कोटी नव्हे ही. फ्रांझ बोप, ग्रिम यांच्यापासूनच्या पंडितांनी ध्वनींचे नियम लावून बसवलेली ही सोयरीक आहे. मूळ शब्दात शेवटी घशातला घ होता. संस्कृतात त्याचा ह झाला, जुन्या इंग्रजीत ग आणि मग तो खाकरा, आणि खाकरा गेल्यावर उरलं जी-एच. म्हणजे इंग्रजीत जिथे ही मुकी जोडी बसली आहे, तिथे आपल्याकडे ह अजून बोलतो आहे. शब्दाच्या सुरुवातीलाही मुळात भ होता. पण एका शब्दात दोन महाप्राण ओळीनं आले तर संस्कृत पहिल्याचा प्राण काढून घेते, हा नियम हेर्मान ग्रासमान या गणितज्ञानं 1863मध्ये मांडला. म्हणून भाहू न म्हणता बाहू.

डो, म्हणजे मळलेली कणीक. याचा भाऊ देह! मूळ धातूचा अर्थ लिंपणं, मळणं, मातीला आकार देणं. संस्कृतात त्यावरून दिह् आणि देह. इराणी भाषांत त्याच धातूपासून मातीची लिंपलेली भिंत झाली. भिंतीनं वेढलेली बाग ती पॅराडाइज, आणि फारसी-उर्दूतून आलेला फिरदौस तोच. 'लेडी' या शब्दातही ही कणीक आहे. जुन्या इंग्रजीत ती होती 'हलाफ्दीगे', पाव मळणारी. देह मातीचा आहे असं आपल्याकडे कीर्तनकार सांगतात ते वैराग्य म्हणून. शब्दानं ती गोष्ट कामाची म्हणून आधीच सांगून ठेवली आहे. आणि डॉटर ही दुहिता, तिच्यातही जी-एचच्या जागी ह. तिला आमच्या चौकडीत खरं तर प्रवेश नाही, ओच्या जागी ए आहे. पण माहेरवाशिणीला कोण अडवणार?

तिसरा ऑट, 'करायला हवं' या अर्थाचा. हा 'ओ' म्हणजे 'देणं लागणं' या क्रियापदाचा जुना भूतकाळ, आणि त्याही आधी त्याचा अर्थ होता मालक असणं. संस्कृतातला ईश त्याच मुळाचा, ज्याची सत्ता आहे तो. मालकी, मग देणं, मग कर्तव्य, असा हा शब्द उतरत आला. यात नवल वाटायचं कारण नाही. मराठीत आपण 'मी त्याचे शंभर रुपये देणं लागतो' म्हणतो आणि 'मला जावं लागतं' असंही म्हणतो. त्याच लागण्याची सक्ती झाली.

एवढं कळल्यावर या चार अक्षरांना हाकलून द्या म्हणणाऱ्यांकडे मी जरा संशयानं बघते. तसे प्रयत्न झाले. अमेरिकेत नोआ वेबस्टरनं नांगराच्या शब्दातली चौकडी काढून ओ-डब्ल्यू बसवलं, ते टिकलं. त्याला 'टफ'ही टी-यू-एफ असा हवा होता, तो कुणी घेतला नाही. थिओडोर रूझवेल्टनं 1906मध्ये सरकारी छापखान्याला तीनशे शब्द सुटसुटीत स्पेलिंगनं छापायचा हुकूम सोडला, त्यात 'थ्रू' टी-एच-आर-यू होता. त्याच वर्षअखेर प्रतिनिधिगृहानं तो हाणून पाडला. 'शिकागो ट्रिब्यून'नं 1934पासून असलं स्पेलिंग चालवून पाहिलं आणि 1975मध्ये हात टेकले.

आम्ही मात्र हे करून बसलो आहोत, हे विसरून इंग्रजीला हसतो. माझ्या आजोबांच्या पत्रांत 'कांहीं', 'नाहीं', 'पांच', 'घरांत' असं असायचं. ते टिंब त्यांच्या बोलण्यात नव्हतं, लिहिण्यात होतं. पंचमधला ञ, दंतमधला न तिथे एकेकाळी होता त्याची ती खूण. मराठी साहित्य महामंडळानं 1962मध्ये नियम केले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. मुद्रितशोधक म्हणून मला त्यांचे उपकारच मानायला हवेत. माझं निम्मं काम वाचलं. तरी गोव्याची, कोकणातली माणसं 'दांत', 'पांच' म्हणताना नाकातून तो सूर काढतात तेव्हा वाटतं, आमचा लॉख अजून आटलेला नाही. आणि मराठी जशी लिहितो तशीच वाचतो हा अभिमानही जरा बेतानंच बाळगावा. 'या जगात नीट जग' या चार शब्दांत ज एकच लिहिलेला आहे, उच्चार दोन आहेत. परक्या विद्यार्थ्याला त्याचं कारण विचारू द्या, आपणही म्हणू, पाठ कर.

जी-एचची बाजू घेताना एक कबूल करायला हवं, घराण्यात तोतये आहेत. हिकप म्हणजे उचकी. ती सोळाव्या शतकात साध्या स्पेलिंगनं, आवाजावरून लिहिली जात होती. मग कुणाला तरी वाटलं, उचकी ही खोकल्याचीच बहीण असणार, आणि शेवटी चौकडी जोडली गेली. तिथे कधीही खाकरा नव्हता. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशानं ही निव्वळ चूक आहे, टाकून द्या, असं म्हटलं. लोकांनी टाकली नाही.

दुसरा तोतया आपल्या घरापर्यंत आला आहे. फर्लो. हा डच शब्द, 'फेरलोफ', रजा. सतराव्या शतकात सैनिकांबरोबर इंग्रजीत आला तेव्हा शेवटचा फ ऐकू येत होता. 'टफ'चा फ जी-एचनं लिहितात तर याचाही लिहू, असं झालं, आणि नंतर लिहिलेलं बघून लोक तो फ बोलायचेच विसरले. कंपनी सरकारचे साहेब फर्लोवर विलायतेला जात. 2020च्या साथीत ब्रिटनमध्ये घरी बसवलेल्या लाखो कामगारांमुळे हा शब्द पुन्हा रोजच्या बातम्यांत आला. महाराष्ट्रात त्याला कधी सुट्टीच मिळाली नव्हती. कैद्यांच्या फर्लो आणि पॅरोलचे मुंबई राज्याचे नियम 1959चे आहेत, आणि तुरुंगाच्या दाराशी हा शब्द तेव्हापासून कामावर आहे. सरकारी मराठीत फर्लो म्हणजे संचित रजा आणि पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. देवनागरीत आल्यावर चौकडी गळून गेली, 'ओ'ची एक मात्रा उरली.

'फर्लोवर सुटलेला कैदी परतलाच नाही' अशी बातमी टेबलावर आली की मी स्पेलिंगचा विचार करत नाही. चार ओळी खाली बातमीदारानं त्याच रजेला पॅरोल लिहिलेलं नाही ना, एवढं बघते. फर्लोचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे धरत नाहीत.